खालच्या बाजूस काय आहे

कारंडेवाडीच्या ओढ्यावर मातीचा बांध आहे,
अकरा मीटर उंच. शिराळ्याच्या नकाशावर
भाताच्या कोंड्याएवढाही दिसत नाही.
त्याला काम एकच: आषाढात
डोंगरावरून सुटलेल्या पाण्याला
घटकाभर दम धरायला लावायचा.

हिंदुराव चौकीदार मला माथ्यावरून चालवत नेतो.
टणटणी मुळासकट उपटलेली. घुशीची बिळं बुजवून
वर चुन्याची खूण. पिचिंगचा एक दगड सरकला होता,
तो त्यानं आणि मेव्हण्यानं पहारीनं परत बसवला;
तारीख पाठ आहे.
पायथ्याला पाझर येतो, करंगळीएवढा.
मी तांब्या धरते, तो सेकंद मोजतो.
मग बाटली उन्हात धरून बघतो दोघं.
पाणी नितळ. बरोबर माती येत नाही.

मी फॉर्मवर लिहिते: धोका वर्ग, उच्च.

मला वाटलं होतं, चष्म्याशिवाय त्याला दिसणार नाही.
"आन् मॅडम, काय बिघडलंय ह्येचं?
एक्काहत्तर सालापासनं 'कमी' हाय.
माझ्या बानं बी 'कमी'च बघितलंय."

मी सांगते, हा शेरा बांधावर नाही.
बांध फुटेल का, ते या रकान्यात विचारतच नाहीत.
विचारतात, फुटलाच तर खाली कोण आहे.
एक्काहत्तरच्या कागदावर निळ्या शाईत आहे:
"एक खोप. फक्त सुगीत."

बांध जागचा हलला नाही.
त्यानं ओढा इतका माणसाळवला
की माणसं येऊन ओढ्याला बिलगली.
दूध डेअरी. पत्र्याची अंगणवाडी,
भिंतीवर रंगवलेला हसरा मासा.
थोरवतांची पोल्ट्री, चार हजार पक्षी,
पक्ष्यांना रकाना नाही.
लग्नाचं लॉन: वैशाखात सातशे पानं उठतात,
वैशाखात ओढा कोरडा असतो,
तरी लिहिते.
आणि वळणावर स्लॅबचं नवं घर, पिवळी टाकी.

"त्ये आमच्या पोराचं," हिंदुराव म्हणतो,
"गिलावा ऱ्हायलाय अजून."

रात्री माणसं किती?
रात्रीचं वेगळं मोजतात.
झोपेतल्या माणसाला आधी
आपण कुठं आहोत ते आठवावं लागतं.

तो बोटं मिटतो. पोरगा. सून. नातू.
नातवापायी तिथंच निजणारी त्याची बायको.
"चार."
मग बराच वेळ सांडव्याकडं बघत राहतो.
सांडव्यावर एक बगळा, तोही हलत नाही.

"सुनंला सातवा लागलाय.
चार लिवता का पाच?"

नियमात याचं उत्तर नाही.
मी पेन खिशाला लावते, पेन्सिल काढते.
पाच.

तो मान हलवतो. काही न बोलता
पायऱ्या उतरून परत पायथ्याला जातो,
तांब्या पाझराखाली धरतो,
मघाशीच मोजलाय तोच पाझर,
आणि खालून ओरडतो:
मोजा.