चव्वेचाळीसपासून पुढं

रुग्णवाहिकेच्या बाईनं फोनवर तीनदा विचारलं, पत्ता?
झम्फिरा म्हणाली, विटांच्या कारखान्यामागून या,
डांबर संपतं तिथून चिखल धरा,
दोन अक्रोड लागतील, एक वठलेला,
पुढं कुणालाही विचारा.
बाई म्हणाली, रस्त्याचं नाव? घराचा नंबर?
झम्फिराच्या मांडीवर सुनेचं डोकं,
सुनेच्या पोटात सातव्या महिन्याची घाई,
आणि मुलगा स्पेनमध्ये, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात वाकलेला.

शेवटी तिनंच घोडा जोडला.
(मूल वाचलं. आधीच सांगून टाकते,
नाहीतर उरलेली कविता तुम्ही काळजीतच वाचाल.)

मी दवाखाना आणि वस्ती यांच्यामधली मदतनीस.
पगार नगरपालिकेचा, शिव्या दोन्हीकडच्या.
बाळाची नोंद करायला मीच गेले तिच्यासोबत.
नोंदीला आईचं ओळखपत्र लागतं,
ओळखपत्राला पत्ता लागतो,
पत्त्याला कागद लागतो,
आणि कागद मागायला ओळखपत्र.
कारकून पारास्किव वाईट माणूस नाही.
त्याची खिडकी वाईट आहे:
इतकी खाली, की बोलायचं तर वाकावंच लागतं.

परतताना झम्फिरा गप्प होती.
चर्चच्या कुंपणाचा उरलेला निळा रंग, अर्धा डबा,
तिनं पाद्र्याकडून मागून आणला,
घोड्याच्या शेपटीचे केस काठीला बांधले.
गावातलं शेवटचं घर त्रेचाळीस.
आमच्या पहिल्या दारावर तिनं लिहिलं चव्वेचाळीस.
मी म्हटलं, आपलं एकपासून करू की.
म्हणाली, वेगळा एक कशाला?
त्यांचंच पुढं.

पोरं डबा धरून मागं मागं.
तिचं स्वतःचं दार एक्कावन्न.
सहासष्टला रंग संपला, उरलेल्या घरांना काजळी.
फक्त म्हातारा बार्तोलोमेउ दारात आडवा उभा राहिला.
आमची एकदा मोजणी झाली होती, म्हणाला,
मोजलेल्यांना बुग नदीपार नेलं.
माझी आई परत आली. तिच्या दोन बहिणी तिकडंच राहिल्या.
झम्फिरानं ब्रश खाली घेतला.
अठ्ठावन्न तेवढा मोकळा सोडून
ती एकोणसाठकडं वळली.

पाण्याला आम्ही पानी म्हणतो,
ते अजून झऱ्यावरूनच येतं, डोक्यावरून.
नगरपालिकेचा नळ अक्रोडापर्यंत येऊन थांबलाय,
वठलेल्या.

ऑक्टोबरात पोस्टमन चिखल तुडवत वर आला,
पायात शेजाऱ्याचे उसने गमबूट.
वस्तीत आलेलं पहिलं पत्र.
सगळे जमले, कुत्रीसुद्धा.
मी फोडून वाचलं: दंड.
त्या रात्री मुख्य रस्त्यावर घोडागाडी आणल्याबद्दल.
घर सापडेपर्यंत तो कागद
कुठल्या खणात पडून होता कुणास ठाऊक.
मला वाटलं, आता ही रडेल.
ती म्हणाली, वरचं वाच. वरचं.
वर तिचं नाव, आणि नावाखाली
एक्कावन्न.

तिनं तो कागद निखाऱ्याच्या इस्त्रीनं सरळ केला,
दुसऱ्या दिवशी खिडकीत ठेवला.
पारास्किवनं चष्मा पुसून दोनदा वाचला,
मग उठला, दार उघडून बाहेर आला.
तेरा वर्षांत पहिल्यांदा
मी त्याचे बूट पाहिले.
चिखल होता त्यांनाही.

येताना पाहिलं,
बार्तोलोमेउच्या दारावर अठ्ठावन्न.
खडूनं.
पुसता येईल असा.

बाळाचं नाव आता वहीत आहे. दंड बाकी आहे.
पारास्किव म्हणाला, चार हप्ते करून देतो,
प्रत्येक हप्त्याची पावती मिळेल.
पत्त्यासकट? तिनं विचारलं.
पत्त्यासकट.
झम्फिरानं बोटांवर काहीतरी मोजलं,
म्हणाली, मग बारा करा.