शीग

हॅलिफॅक्सहून टॅम्सिनचा फोन.
काका, काकूच्या चिठ्ठीत लिहिलंय : अंजीर, एक कप.
म्हणजे किती ग्रॅम?
तिच्याकडे काचेचा काटा आहे,
बटण दाबलं की मागचं सगळं शून्य.

आधी तिला सांगितलं, अंजीर म्हणजे मनुके, पोरी.
न्यूफाउंडलंडच्या या खडकावर अंजीर कुणी पाहिलंय?
जहाजातून जे सुकं, काळं, गोड उतरलं
त्याला जुन्या लोकांनी अंजीर म्हटलं,
आणि पुडिंगात घातलं. चालून गेलं.
उद्या सांगतो म्हणालो ग्रॅम.

शेजारच्या ओबेड पिन्सेंटकडून काटा उसना आणला.
ड्रुसिलाचा कप खुंटीवरच होता,
निळा, इनॅमलचा, कानाजवळ टवका उडालेला.

नुसते ओतले : एकशे बेचाळीस.
कप टेबलावर दोनदा आपटला, मनुके बसले,
वर जागा झाली, ती भरली : एकशे अठ्ठावन्न.
अंगठ्याने दाबले : एकशे एकाहत्तर.
कप तोच. मनुके त्याच पुड्यातले.
मग जर्दाळू चिरून पाहिले, उगाच,
मग आलुबुखार, चिकट, बुडाशी फतकल मारून बसलेले,
प्रत्येकाचा आकडा निराळा.
पाकिटाच्या पाठीवर लिहीत गेलो
आणि रात्रीचे अकरा वाजले.

काटा फक्त मनुके मोजतो.
कप मनुक्यांमधली हवाही मोजतो.
हे मला सत्तराव्या वर्षी कळावं,
ज्याने एकतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
काट्यामागे उभं राहून पगार घेतला.

तेव्हा दर शंभर पौंड कॉडमागे
चार पौंड पाण्याचे वजा.
कंपनीचा नियम. पाणी असायचं दोनाचं,
कोरड्या दिवशी तेवढंही नाही.
मी चारच लिहायचो.
समोर होडीवाले, ओल्या हातमोज्यांनी
टोपी मागे सारून आकड्याकडे बघणारे.
त्यांत ड्रुसिलाचा बाप.
तो कधी बोलला नाही. मीही नाही.

आणि आता, ओबेडचा काटा समोर घेऊन बसल्यावर
लक्षात येतंय :
या घरात तागडी कधी आलीच नाही.
लग्नात माझ्या बहिणीने दिली होती एक, पितळी,
ती पहिल्याच हिवाळ्यात
चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत गेली.
पीठ कपाने, साखर कपाने,
लोणी अंड्याएवढं, मीठ चिमटीने.
मला वाटायचं, हिला आकडे जमत नाहीत.
बेचाळीस वर्षं वाटायचं.

ती कशी भरायची, तेवढं आठवतंय.
दाबायची नाही. आपटायची नाही.
ओतत राहायची, शीग चढेपर्यंत,
वरचे दोनचार घरंगळले
की ते माझ्या तोंडात.
सुरी फिरवून सपाट करताना
मी तिला पाहिलं नाही कधी.

याचे ग्रॅम काय सांगू टॅम्सिनला?

सकाळी कपच बांधला तिच्यासाठी.
टवका आणखी उडू नये म्हणून
आत मनुके भरले, शिगेसकट, वर कागद, वर दोरा.
पोस्टातल्या बाईने काट्यावर ठेवला, म्हणाली,
तीनशे बावीस, एल्फियस.
मी सवयीने तिच्या अंगठ्याकडे पाहिलं.
अंगठा टेबलावर होता.

आठवड्याने फोन.
काका, कप पोचला. पण बोटभर उणा आलाय,
वाटेत कुणी खाल्ले की काय?

नाही गं, म्हणालो, बसलेत ते.
फेरीत, ट्रकमध्ये, हेलकाव्यांनी बसतात.
तुझ्याकडचे घाल वर.
किती, काका?

ओतत राहा. सांडायला लागले की थांब.
आणि सांडलेले मोजू नकोस.