बसतंय का

जानेवारीत डुलुथला रेझिन धरत नाही.
डब्यावर लिहिलंय अठरा अंश, आणि गॅरेजात
पारा शून्याच्या खाली तेवीसवर दबा धरून बसलाय.
म्हणून डोकं स्वयंपाकघरात आणलं.
आर्विड म्हणाला, हल्ली लेफ्सं होडीच्या तळासारखी लागतात.
मी म्हटलं, खा मुकाट. बटाटाच आहे.

चाळीस वर्षं मी दात केले.
डॉक्टर ठसा पाठवायचे खोक्यातून, वर नावाची चिठ्ठी,
आणि मी प्लास्टर ओतून एखाद्या अनोळखी माणसाचं
अख्खं तोंड टेबलावर उपडं ठेवायची.
खोटं कसं घडवावं हे मला कुणी शिकवू नये.
खोटं हलकं हवं, धुता आलं पाहिजे,
आणि हिरडीला कळता कामा नये.

तरी सात फुटांचं खोटं
हे प्रकरण वेगळंच.

डेल कोवाल्चिक आला. पत्र्याचा माणूस,
गावातल्या निम्म्या घरांची ऊब त्याच्या नळ्यांतून फिरते.
म्हणाला, ॲल्युमिनियम. कसा चमकायचा तो, आठव.
मी म्हटलं, वजन?
दोनशे पौंड. फार तर अडीचशे.
आणि उचलणार कोण, तुझी कंबर?
तो गप्प. मग म्हणाला, फोम?
फोम! मार्चपर्यंत उंदीर त्यात संसार थाटतील.
पीव्हीसी थंडीत तडकतं, प्लायवूड ओल पितं,
फायबरग्लास रात्रभर मनगटात खाजत राहतं.
प्रत्येक वस्तूला एक खोड असते.
निवडायची ती खोड. वस्तू तिच्यामागून येतेच.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा.
ड्राइव्ह-इन, बाबांची स्टेशन वॅगन, काचेवर डासांची रांगोळी,
आणि तो सरोवरातून वर आला, पाणी निथळत,
इतका जड, की आमच्या चाकांखालची खडी दबल्यासारखी वाटली.
साठ वर्षं तो माझ्या डोक्यात
लोखंडाचा होता.

फेब्रुवारीत डेलला कुठूनसा एक फोटो मिळाला,
शूटिंगच्या वेळचा, पाठीमागून काढलेला.
पाठ उघडी.
आत लाकडाच्या पट्ट्या, पिना मारलेलं कापड,
चंदेरी रंगाचे ओघळ,
आणि खाली बूट. माणसाचे.
डाव्या बुटाची नाडी सुटलेली.

डेल टोपी काढून उभा राहिला,
मयताला आल्यासारखा.
मला मात्र, खरं सांगते, हायसं वाटलं.
रात्रभर मी त्या नाडीचाच विचार करत होते.
त्याला ठाऊक असणार ती सुटल्याचं.
पण वाकता कुठे येत होतं?

मग ठरलं एकदाचं.
फासळ्या पाऊण इंची प्लायवूडच्या, दोन हात वार्निश.
छाती डेलच्या पत्र्याची, कडा दुमडून,
कारण छाती वाजलीच पाहिजे.
कोपरांना कपडे सुकवायच्या मशीनची नळी.
डोकं माझं, स्वयंपाकघरात शिजलेलं.
मोटर एकही नाही.
आत जागा ठेवायची, माणसाएवढी.

कुठल्या माणसाएवढी? डेलनं विचारलं.
मी टेप घेऊन आरशापुढे गेले.

एप्रिलचा पहिला रविवार. बाहेर सुपिरियरवर बर्फ
कपाटं सरकवावीत तसं आवाज करत फुटत होतं.
मी आत शिरले. डेलनं पाठ लावली. आठ स्क्रू.
वार्निशचा वास, नाकासमोर माझ्याच अक्षरातले पेन्सिलीचे आकडे,
जाळीतून दिसणारं स्वयंपाकघराचं दार,
दारात ताट घेऊन आर्विड,
आणि त्या दाराहून दोन इंच रुंद मी.
हे मात्र कुणीच मोजलं नव्हतं.

बसतंय का? डेल बाहेरून ओरडला.

हा प्रश्न चाळीस वर्षं दुसरंच कुणी विचारायचं,
लांब, त्या खुर्चीपाशी.
माझ्याकडे यायची फक्त चिठ्ठी.

मी जबडा हलवून पाहिला.
पत्र्यात माझा आवाज माझ्याहून मोठा झाला.
खालच्या बाजूला जरा टोचतंय, म्हटलं.
थोडं घासावं लागेल.