मधला ताणा

शेठच्या मुलानं फोनवर एवढंच सांगितलं होतं:
चादर उठून दिसली पाहिजे.
म्हणून सोलापुरात, भद्रावती पेठेतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी भिंग उघडलं, पार एक पॉइंट आठपर्यंत.

या धंद्याचं गणित उलटं आहे.
आकडा लहान तेव्हा भोक मोठं,
आणि डोळा जितका सताड उघडा
तितकं कमी दिसतं त्याला.
मोराची चोच धारदार आली.
चोचीमागं वीतभर पिसारा, तोही विरत गेलेला,
पुढं नुसती साय.

सुट्टीत मल्लेशम कोडम
बोटाची शेंगाचटणी चाटत स्क्रीनवर वाकला.
"आन् मी कुठंय ह्यात?"
मी दाखवला: हा, निळसर डाग.
तो हसला. शेजारच्या मागवाल्याला तेलुगूत काही बोलला,
तोही हसला.
"एकतीस वर्षं उभा हाय मागामागं," म्हणाला,
"डाग पयल्यांदाच झालो."

माग थांबले होते, फरशी थरथरत नव्हती.
कोनांच्या खोक्यावर कॅमेरा टेकवला,
भोक मिटवलं सोळापर्यंत,
अर्धा सेकंद हलू नका म्हटलं.
सगळं आलं.
मोर, मोराच्या पलीकडं मल्लेशम, त्याच्या भुवईवरचा कापूस,
मार्कंडेयाचं कॅलेंडर,
खुंटीवरचा शर्ट, शर्टाच्या खिशात चष्मा,
दारातल्या उन्हात पालथी घातलेली घागरसुद्धा.
मला वाटलं, झालं.

त्यानं बराच वेळ पाहिलं.
"बंद माग हाय हा,"
म्हणाला, आणि डबा बांधायला गेला.

दुपारी माग सुरू झाले तसे
खोक्यातले कोन नाचू लागले.
सोळा चालणार नव्हतं, सगळं हलणार.
एक पॉइंट आठ चालणार नव्हतं,
आता मला डागाचं नाव माहीत होतं.

दोन पावलं मागं सरलो. रुंद भिंग लावलं.
पाच पॉइंट सहा. आयएसओ चढवला,
दाणे येतील तर येवोत.
फोकस चोचीवर धरला नाही,
मल्लेशमच्या डोळ्यांवरही नाही.
दोघांच्या मधे, जरा चादरीकडं झुकून,
जिथं नुसता ताणा होता,
अजून न विणलेला,
त्या हातभर रिकाम्या सुतावर भिंग नेमकं लावलं
आणि दाबलं.

चोच किंचित मऊ आहे.
मल्लेशम किंचित मऊ आहे.
धोटा म्हणजे एक पांढरी रेघ.
पण ओळखू येतात सगळे.

कॅटलॉगला शेठच्या मुलानं पहिलाच घेतला.
तिसरा मी आठ बाय दहा काढून
सोमवारी पेठेत नेला.
मल्लेशमनं हात पँटीला पुसले.
चष्मा खुंटीवर होता, तो आणायला गेला नाही.
फोटो लांब धरला,
जवळ आणला,
पुन्हा थोडा लांब,
आणि जिथं त्याला नीट दिसलं
तिथं हात थांबवला.