अर्धा मिलिमीटर

गणेशपेठहून सकाळची एसटी, देवलापारपर्यंत.
पुढे झनकलाल परतेतीच्या मोटरसायकलवर,
मधे माझी पिशवी, पिशवीत भिंग आणि जुना नकाशा.
चौकीवर वनरक्षकानं नाव लिहून घेतलं.
कामाचा प्रकार?
बघायला आलोय, मी म्हटलं.
त्यानं लिहिलं : पर्यटन.

साग विरळ होतो तिथून सालई सुरू होते,
सोललेल्या अंगाची,
आणि चढ असा की झनकलाल म्हणतो, उतरा जी थोडं,
तुमचं ओझं नाही, गाडीच म्हातारी झाली.
मग पायी.
वळणावर एकदम खाली उघडतं सालईटोला :
अठरा घरं, एक बोडी,
आणि बोडीपासून नाल्यापर्यंत धानाच्या बांध्या,
एकीच्या खांद्यावर दुसरीचे पाय,
सगळ्या पिवळ्या,
मधेच एक अजून हिरवी, उशिरा रोवलेली.

हा डोंगर मी ओळखतो.
नाही, याच्या समोच्चरेषा ओळखतो फक्त.
सिव्हिल लाईन्सच्या कचेरीत,
कागद उडू नये म्हणून पंखा बंद करून
मी त्या काढल्या होत्या तपकिरी शाईत
आणि त्यांच्यावरून अभयारण्याची हिरवी हद्द.
रेघ एका श्वासात ओढायची असते.
हात थांबला की शाई साठते.
इथे थांबला होता.
कोणीतरी चहा म्हणालं होतं.

सेवा जोहार, म्हणाली सुगंती उईके,
हातातला विळा न ठेवता.
डुकरांनी लोळवलेली बांधी दाखवली :
"पंचनाम्याले कोणी येत नाही जी.
जंगलवाला म्हणते बाहेर हाय,
तलाठी म्हणते आत हाय.
मी आपली दोघाइच्या मधात, धान कापत."

मी नकाशा मोहाखाली पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड.
भिंगातून तिला तो फुगवटा दाखवला,
हिरव्या रेघेनं गिळलेल्या मुंगीसारखा.
रेघ कागदावर अर्धा मिलिमीटर,
म्हणजे इथे पंचवीस मीटर.
थेंबापाशी दुप्पट.
मग मी पावलांनी मोजलं, धुऱ्यावरून तोल सांभाळत :
तीन बांध्या, एक मोह,
गोठा अर्धा, म्हणजे एक बैल बाहेर, एक आत.

हे माझ्या हातानं झालंय, मी म्हटलं.
चहा आला होता म्हणून.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.
तिच्या नातीनं बोट ठेवलं थेंबावर,
वाळलाय का ते बघायला.
"मंग," सुगंती म्हणाली, "चहा गोड तरी होता का?"
झनकलाल हसला. मला हसता आलं नाही.

रात्री मचाणावर तिचा मुलगा रतिराम,
रिकामा पिंप, एक काठी, आणि मी.
ठण्. ठण्. अंधारात काहीतरी घसपटत मागे सरायचं.
तो म्हणाला, येर म्हणजे पाणी, नार म्हणजे गाव.
रेघेला काय म्हणता, मी विचारलं.
त्यानं विचार केला, पिंप वाजवला दोनदा,
आणि म्हणाला, आईले विचारतो.

सकाळी कागद मागितला.
वहीचं पान मिळालं, मागे नातीचा सातचा पाढा.
त्यावर लिहून दिलं की रेघेची जाडी हाताची आहे,
डोंगराची नाही.
नाव, पद (निवृत्त), तारीख.
याला कोणी मोजेल की नाही, ठाऊक नाही.
सुगंतीनं घडी घालून ते बियाण्याच्या कोठीत ठेवलं,
वर राखेची मूठ टाकली, किडीसाठी.
आणि मला बांधून दिली लुचई, पायलीभर.
नको म्हटलं तर म्हणाली,
"न्या जी. तुमच्या रेघेतलीच हाय."

नागपूरला पोचलो तेव्हा दिवे लागले होते.
कुकर लावला. शिट्ट्या सवयीनं तीन.
झाकण काढलं तर घरभर तिच्या बोडीचा वास
आणि भाताचा नुसता लगदा.
पाणी किती घालायचं,
ते विचारायचं राहून गेलं.