गाळलेली जागा

तेवीस वर्षं फळ्यावर लिहीत आले:
टिटिकाका. नावा चालतात अशा सरोवरांत
जगातलं सगळ्यात उंच.
आणि दरवर्षी सातवी ब च्या मागच्या बाकावरून
फिस्स करून उठायचं:
टीटी काका! टीटी काका!

हेमराज नंदनवारचा बाप खरंच टीटी होता.
काळा कोट, सेवाग्राम एक्सप्रेस.
सहामाहीत पोरानं गाळलेली जागा भरली,
टिटिकाका सरोवर
'अजनी रेल्वे क्वार्टर' येथे आहे.
मी ते वर्गात वाचून दाखवलं.
शून्य दिलं, लाल शाईचं, अगदी गरगरीत.
हसण्यात माझाही आवाज होता,
थोडा पुढेच होता.

दिवाळीनंतर तो आला नाही.
हजेरीत नाव घेत राहिले दोन महिने,
मग पट्टी ठेवून रेघ मारली.

रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात.
मी फंडाचे पैसे मोडून तिकडं गेले.
सून म्हणाली, आणि गुडघे?
म्हटलं, तेही येतायत.

त्या बेटावर म्हणे सूर्य जन्मला.
आणि थंडी अशी की बोटांना अंगठी सैल होते!
जन्मला असेल; राहायला मात्र तो नागपूरलाच येतो,
घरजावयासारखा,
सीताबर्डीचं डांबर मऊ करत बसतो मेभर.

इंकांच्या पायऱ्या. दहा चढायच्या, उभं राहायचं,
हवा शोधायची.
पुढे युसेबिया, पोटात आठवा महिना,
तरी चालतेय अशी की पाणी भरायला निघालीय.
वर नुसत्या भिंती, छपरं कधीच गेलेली.
दारातून दार दिसतं, त्यातून आणखी एक,
शेवटच्या दारात निळं पाणी उभं.

एका लालसर खडकापाशी ती थांबली.
म्हणाली, तळ्याला नाव ह्याचंच.
टिटी म्हणजे रानमांजर.
आणि काका?
काका म्हणजे दगड.
तिनं तो थोपटला, गाईची पाठ थोपटावी तसा.

मी मटकन खाली बसले.
तिला वाटलं, उंची लागली.
कोकाची पानं दिली चघळायला.
वाळक्या मेंदीसारखी चव,
आणि तोंड हळूहळू बधिर.

परत आल्यावर हेमराजला शोधण्यात कूलरचा सीझन गेला.
अजनीत दुसरेच लोक. एकानं सांगितलं, कॉटन मार्केट. तिथल्यानं, तलाव.
शुक्रवारी तलावाच्या काठी, बोटींच्या खिडकीत
बसला होता तिकिटं फाडत.
केस पांढरे. माझेही.
एक द्या, मी म्हटलं.
त्यानं मान वर केली नाही.
'बसा जी मॅडम. आवाज ओळखला.'

सकाळ होती, गिऱ्हाईक नव्हतं.
तिथं नावेच्या नाकावर पुमाचं तोंड असतं,
इथं बदकाचं, एक डोळा खरवडलेला.
पायडल तोच मारत होता,
माझे पाय नुसते सोबतीला फिरत होते.
तलावातल्या टापूला वळसा घेताना
देवळाची घंटा कुणीतरी एकदाच वाजवली.

सांगितलं त्याला. दारांचं, थंडीचं, युसेबियाचं.
दगडाचंही सांगितलं.
शून्याचं तेवढं ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

'दगड,' तो म्हणाला. 'बाबाले आवडलं असतं.'
मग बराच वेळ पायडलचं कुरकुरणं.
'पाणी किती खोल असते जी तिथं?'
दोनशे ऐंशी मीटर, मी सांगितलं,
वर्गात सांगायचे त्याच सुरात.
आणि इथं?
'इथं?' त्यानं बाजूला थुंकीसारखा एक हसू टाकला.
'बुडाले पुरते.'

महालाकडून ऊन आलं, थेट डोळ्यांवर.
त्यानं बदकाची मान काठाकडे वळवली.
तिकिटाचा अर्धा तुकडा अजून माझ्या मुठीत होता,
घामानं नंबर पुसट झालेला.
उतरताना त्यानं हात पुढे केला.
मी तिकीट पुढे केलं.
तो म्हणाला, 'ते नाही जी.
हात द्या.'