पाऊण सेकंद

एकोणीस वर्षं, दर शुक्रवारी चार वाजता,
मी कोडची मोजदाद केली.
तीन प्रती. एक इथे, एक धबधब्यापलीकडच्या इमारतीत,
एक खडकात खोदलेल्या तळघरात
जिथे पूर्वी बटाटे साठवत.
कोणी कुठली ओळ बदलली, का बदलली,
किल्ली कुणाला द्यायची, कुणाला नाही,
सगळे नियम माझ्या हातचे.
त्यातला सातवा:
माणसाची नोकरी संपली की तासाभरात त्याचं नाव खोडावं.

माझं बावीस मिनिटांत खोडलं गेलं.
वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू,
जरा बरंही वाटलं.
नियम चोख चालत होता.

काले, माझा चुलतभाऊ,
हिवाळ्याची टायरं चढवता चढवता म्हणाला,
'मार्युक्का, एक पेनड्राइव्ह भरून आणला असतास
तर कुणाला कळणार होतं?'
मी पाना त्याच्या हातात दिला.
म्हटलं, नट नीट आवळ.

मग चव्वेचाळीस अर्ज.
अकरा उत्तरं, आणि अकरांचा एकच प्रश्न:
तुमचा कोड कुठे बघायला मिळेल?
पोरांचे कोड उघड्यावर असतात,
दोरीवरच्या कपड्यांसारखे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतात.
माझा दुसऱ्याच्या तिजोरीत,
आणि तिजोरीचं कुलूप मीच निवडलेलं.
दाखवायला काहीतरी हवं म्हणून घरी बसून
बर्फाचे दिवस मोजणारा एक प्रोग्राम लिहिला.
चालतो. पण खेळणं ते खेळणंच.
त्रेपन्नाव्या वर्षी ते घेऊन कुठे जाऊ?

नोव्हेंबरात एकदाचं बोलावणं आलं.
टाम्पेरेची जुनी कापडगिरणी, चौथा मजला.
लिफ्टमध्ये शिरले, दार मिटत आलं,
तेवढ्यात सफाईवाल्या बाईंनी फरशीपुसण्याचा दांडा आत घातला.
दार थांबलं.
थांबून राहिलं.
मग मागे सरलं.

अंगावर काटा आला.
हे थांबणं माझं होतं.

साहेब म्हणाले होते, अर्धा सेकंद पुष्कळ झाला.
पण मी हेरवान्ताच्या वृद्धाश्रमात
एक आजोबा लिफ्टमध्ये शिरताना बघितले होते:
आधी काठी, मग विचार, मग पाय.
त्या विचारासाठी मी पाव सेकंद मागितला.
तीन बैठका झाल्या. दोन माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली.
शेवटी आकड्याच्या शेजारी मी लिहून ठेवलं:
हा कमी करू नये. कारण, काठी.

वर काचेच्या खोलीत ओत्सो, वय असेल सत्तावीस,
आणि मोबाइलमधून मान वर न काढणारी एक बाई.
'काही नमुना?' ओत्सोने विचारलं.
मी म्हटलं, नाही. तो माझा नाही.
'काही ओळी आठवत असतील ना?
फळ्यावर लिहा. आपल्यातच राहील.'
आठवत होत्या. सगळ्या.
खडूवर बोट ठेवलं आणि उचललं.
कोड गुप्त आहे. दार गुप्त नाही.
'लिफ्टपर्यंत येता का?' मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.
ओत्सो आला.
'हात घाला मध्ये,' म्हटलं.
त्याने घातला, दचकून काढला.
'यात काय बघायचं?'
'बघायचं नाही. पुन्हा घाला, आणि काढू नका.'
या वेळी तो थांबला. दारही थांबलं.
त्याचा चेहरा किंचित बदलला, की मलाच तसं वाटलं?
खालून कुणीतरी बटण दाबत होतं, वैतागून ओरडतही होतं.
बहुतेक त्याच बाई, बादली घेऊन.

'कळवतो,' ओत्सो म्हणाला.
सगळेच म्हणतात.

लिफ्ट बाईंसाठी सोडून मी जिन्याने उतरले.
ट्रामच्या थांब्यावर अंधार पडला होता.
शुक्रवार. चार वाजले.
सवयीने मनात मोजलं, एक, दोन, तीन.
माझ्यानंतर कोण मोजतं, कुणास ठाऊक.